आधी कारण, मग इलाज

(घरातील संगणक एकाएकी मंद झाला, तर काय करावे? कोणती गोष्ट आधी करावी आणि कोणती अगदी शेवटी? प्रस्तुत पाठात एका घरातील उदाहरण देऊन ही माहिती सोप्या भाषेत सांगितली आहे.)

यंत्र एक तर चालते किंवा बंद पडते, असे आपल्याला वाटते. संगणकाची मात्र एक तिसरी अवस्थाही असते. तो चालू असतो, पण काम पुढे सरकत नाही. कळ दाबली, की अक्षर उशिरा उमटते. एक फाइल उघडायला पाच मिनिटे लागतात. कालपर्यंत तर सारे ठीक होते! मग आज काय झाले?

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणते, "व्हायरस आला असेल." कोणी म्हणते, "जुना झाला, नवा घ्या." कोणी म्हणते, "फॉरमॅट करून टाका." यांपैकी एखादा सल्ला कधी बरोबरही ठरतो. पण कारण न शोधता केलेला इलाज म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध.

पहिला प्रश्न असा विचारावा : संगणक हळूहळू मंद झाला, की एकाएकी? वर्षानुवर्षे नवे, मोठे प्रोग्राम येत जातात. जुन्या संगणकाला ते पेलत नाहीत. तो हळूहळू मागे पडतो. पण काल चांगला असलेला संगणक आज मंद झाला असेल, तर ते म्हातारपण नव्हे. काल आणि आज यांच्यामध्ये काहीतरी बदललेले असते. तो बदल शोधायचा असतो.

दुसरा प्रश्न : मंद कोण झाले, संगणक की इंटरनेट? संगणकात साठवलेली एखादी फाइल उघडून पाहावी. ती झटकन उघडली आणि फक्त इंटरनेटवरील पाने उशिरा येत असली, तर दोष बहुधा जोडणीत आहे.

आता संगणकाची नाडी कशी पाहायची ते समजून घेऊ. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तिच्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. कोणता प्रोग्राम किती काम खातो, तेही कळते.

मेमरी म्हणजे रॅम. ती कामाच्या टेबलासारखी असते. हार्ड डिस्क ही सामानाच्या कोठीसारखी असते. टेबलावरची वस्तू लगेच हाताशी येते. कोठीतली वस्तू आणायला उठून जावे लागते. या दोहोंत फरक किती? रॅममधील माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. हार्ड डिस्कची तबकडी मात्र फिरत असते. अनेक डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारी सुई योग्य जागी जाऊन माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा फरक जवळजवळ एक लाख पटींचा आहे!

टेबल भरले, की संगणक काही सामान कोठीत ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात ती वापरली होती. युक्ती चांगली आहे. पण एकाच वेळी पन्नास पाने उघडी ठेवली, तर संगणकाचा सारा वेळ कोठीच्या फेऱ्यांतच जातो. म्हणून मेमरीचा आकडा शंभराला टेकला असेल, तर नको असलेली पाने आणि प्रोग्राम बंद करावेत. एवढ्यानेही संगणक पुष्कळदा पुन्हा पळू लागतो.

डिस्कचा आकडा शंभरावर असेल, तर कोणता प्रोग्राम ती वापरतो ते पाहावे. कधी विंडोज नवी सुधारणा उतरवून घेत असते. कधी व्हायरस शोधणारा प्रोग्राम सगळ्या फाइली तपासत असतो. त्यांना काम पुरे करू द्यावे. असे दोन प्रोग्राम एकाच वेळी पहारा करत असतील, तर ते एकमेकांच्या वाटेत येतात. त्यांपैकी एकच ठेवावा. डिस्क भरत आली असेल, तर तिच्यात थोडी जागा मोकळी करावी. यादीत अनोळखी प्रोग्राम प्रोसेसरचे बरेचसे काम खात असेल, तर संशय घ्यावा. दुसऱ्याच्या संगणकावर लपून आभासी चलन तयार करणारे चोर प्रोग्रामही असतात.

आता एका घराची गोष्ट पाहू. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तिथल्या एका घरात अब्बा संगणकावर उर्दू मजकूर जुळवण्याचे काम करत. इनपेज या प्रोग्रामवर ते नस्तालिक लिपीत लग्नपत्रिका तयार करत. त्याच संगणकात दादाजानच्या आठवणींची दोनशे पानेही होती. दादाजान सांगत आणि अब्बा रात्री बसून ती उतरवत. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एप्रिल महिन्यात संगणक एकाएकी मंद झाला. लग्नाचे दिवस होते. सहा पत्रिका द्यायच्या राहिल्या होत्या. शेजारचे चाचा म्हणाले, "फॉरमॅट करा. तासाभरात नव्यासारखा होईल." अब्बा तयारही झाले. तेव्हा अकरावीत शिकणारी आपा म्हणाली, "अब्बा, फॉरमॅट केल्यावर सगळे पुसले जाते. दादाजानची पाने गेली, तर ती परत कोण लिहील? आधी ती दुसरीकडे उतरवून घेऊ."

तिने पत्रिका आणि दादाजानची पाने पेन ड्राइव्हवर घेतली. मंद संगणकाने त्याला बराच वेळ लावला. मग तिने दोन-तीन फाइली पेन ड्राइव्हवरून उघडून पाहिल्या. प्रत नीट उतरली आहे, याची खात्री झाल्यावरच ती पुढच्या कामाला लागली.

तिने एक वही घेतली. "अब्बा, या आठवड्यात तुम्ही काही नवे बसवले का?" तिने विचारले. अब्बांनी काहीच बसवले नव्हते. तिने संगणक रीस्टार्ट केला. शट डाउन करून पुन्हा सुरू करणे आणि रीस्टार्ट करणे, या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून शट डाउनच्या वेळी ती आपली काही अवस्था जपून ठेवते. रीस्टार्ट केल्यावर ती खरोखर नव्याने सुरू होते.

संगणक पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटे तो चांगला चालला. मग परत मंद झाला. आपाने वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने सकाळी, दुपारी आणि रात्री नोंद केली. सकाळी संगणक अर्धा तास नीट चालत होता. दुपारी पाच मिनिटांतच अडखळत होता.

धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, व्हायरसला ऊन लागते का गं?"

सगळे हसले. पण आपा विचारात पडली. व्हायरस सकाळ-दुपार पाहत नाही. उष्णता मात्र पाहते! तिने टास्क मॅनेजर उघडला. मेमरी अर्धी रिकामी होती. डिस्कही शांत होती. पण तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झपेक्षाही कमी वेगाने चालला होता. पंखा मात्र मोठ्याने घरघरत होता.

प्रोसेसर काम करतो, तेव्हा तापतो. फार तापला तर तो जळू नये, म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. हा दोष नव्हे, बचाव आहे. मग तो तापला का? मालेगावात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पण उन्हाळा दरवर्षीच येतो.

अब्बांनी संगणक बंद केला आणि तार भिंतीतून काढली. डब्याचे झाकण उघडले. आत पाहतात तो काय! पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर कापसाच्या तंतूंची जाड गादी जमली होती. घराजवळ यंत्रमाग होते. त्यांचे तंतू हवेबरोबर वर्षानुवर्षे आत येत होते. थंडीत कसेबसे भागत होते. उन्हाळा येताच हवा अपुरी पडली. साठत आलेले कारण एका दिवसात उघडे पडले.

आपाने आधी डब्याच्या धातूला हात लावला. त्यामुळे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. मग पंखा बोटाने धरून कोरड्या, मऊ ब्रशने तंतू काढले. ओले फडके तिने वापरले नाही. वीजपुरवठ्याची पेटी तिने उघडली नाही. त्या पेटीत तार काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. हे काम मोठ्या माणसासमोरच करावे. लॅपटॉप असेल, तर तो जाणकाराकडूनच उघडून घ्यावा.

त्या दुपारी संगणक दोन तास न अडखळता चालला. पत्रिका वेळेवर गेल्या. खर्च झाला तो फक्त ब्रशचा. दादाजानच्या पानांची प्रत असलेला पेन ड्राइव्ह अम्मींनी कपाटात ठेवला. तेव्हापासून दर जुम्म्याला नवी पाने त्यात उतरवली जातात.

दरवेळी कारण तंतूच असेल असे नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी इतर उपाय करत बसू नये. ताबडतोब फाइलींची प्रत घ्यावी. कारण वेगळे असले, तरी वाट एकच. आधी आपले काम सुरक्षित ठेवावे. काय बदलले ते विचारावे. पाहावे आणि लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. ज्या उपायातून परत फिरता येत नाही, तो अगदी शेवटी करावा.

शब्दार्थ
मंदावणे – वेग कमी होणे. अवस्था – स्थिती, हालत. पेलणे – भार सहन करणे. कोठी – सामान साठवण्याची खोली. तंतू – धागा, रेषा. आभासी – प्रत्यक्ष नसलेले. निकामी – उपयोगी न राहिलेले. गुण येणे – उपायाचा फायदा होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) टास्क मॅनेजर उघडण्यासाठी कोणत्या कळा दाबतात?
(२) दादाजानच्या आठवणी कोणी उतरवल्या?
(३) प्रोसेसर स्वतःचा वेग का कमी करतो?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) आपाने फॉरमॅट करण्यास नकार का दिला?
(२) दोष उष्णतेचा आहे, हे आपाने कशावरून ओळखले?

प्र. ३. कारण सांगा.
(१) रॅम भरली, की संगणक मंद होतो.
(२) एका वेळी एकच बदल करावा.

प्र. ४. भाषाभ्यास : उर्दूतील 'तफसील' मराठीत 'तपशील' झाला; 'हिसाब' मराठीत 'हिशेब' झाला. 'इलाज' तसाच राहिला. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. उपक्रम : तुमच्या घरातील एखादे यंत्र नीट चालत नसेल, तर तीन दिवस वेळेसह त्याची नोंद ठेवा. यंत्र उघडू नका. नोंदीवरून कारणाचा अंदाज वर्गात सांगा.