सामू, चुन्याची निवळी आणि उघडी खिडकी

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. बंगळूरच्या हौशी माणसाला समुद्राचा असा शेजार नाही. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे घरातला समुद्र तयार करावा लागतो. शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम याप्रमाणे मिश्र सागरी लवण विरघळवले, की मासे आणि प्रवाळ जगू शकतील असे पाणी मिळते.

समजा, चामराजपेटेतील एका जुन्या घरात, माजघराच्या भिंतीलगत अशी शंभर लिटरची टाकी आहे. डिसेंबरची थंडी असल्यामुळे रात्री खिडक्या बंद, आणि घरात पाच माणसे निजलेली. सकाळी गृहस्थ पाण्याची परीक्षा करतात तेव्हा सामू ७.७ भरतो. पुस्तकात तर ८.१ ते ८.४ असावा असे लिहिलेले. ते दुकानातून सामू वाढवणारे औषध आणून टाकीत ओततात. आकडा तासाभरापुरता चढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ७.७ वर येतो. ते पुन्हा औषध ओततात. पंधरवड्याने पाणी गढुळते, पंपावर पांढरे कवच धरते, आणि प्रवाळांचे मऊ अंग आक्रसून त्यांचा सांगाडा उघडा पडू लागतो.

येथे चूक कोठे झाली, हे कळण्यासाठी सामू म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण दाखवणारे हे माप डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली सुचवले. त्यालाच पीएच म्हणतात. त्याची मोजपट्टी सरळ नाही. सामू एका अंकाने उतरला तर हे आयन दहापट होतात, आणि केवळ ०.३ ने उतरला तरी दुप्पट होतात. महासागरांच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक युगापासून आजवर सुमारे ०.१ ने घटला आहे. एवढ्याशा आकड्याने शास्त्रज्ञ का चिंतावले, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

खाऱ्या पाण्याचा सामू मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे पाण्याची अल्कता, अर्थात अम्ल पचवण्याची त्याची शक्ती. ती बहुतांशी बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे असते. दुसरी म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड. अल्कता तीच राहून हा वायू दुप्पट झाला, तर सामू जवळजवळ ०.३ ने उतरतो. बाहेरच्या हवेत आज दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग हा वायू असतो. माणसे झोपलेल्या बंद खोलीत तो हजारावर सहज जातो. शिवाय रात्री टाकीतील शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र सगळ्यांचे चालूच राहते. म्हणजे आपल्या गृहस्थांच्या पाण्यात खोट नव्हती. खोलीची हवा कोंदलेली होती. (बंगळूरच्या उंचीलाही दोष देता येत नाही. विरळ हवेमुळे सामू उलट किंचित, सुमारे ०.०४ ने, वरच राहावा.)

याची परीक्षा सोपी आहे. पेलाभर पाणी काढून ते अंगणात किंवा गच्चीवर न्यावे, लहान वायुपंपाने तासभर त्यात हवा सोडावी आणि सामू पुन्हा मोजावा. तो चढला तर पाण्यात वायू साचला होता हे निश्चित. मग दुसरा पेला घरातल्या हवेवर तसाच ठेवावा. तो चढला नाही, तर दोष खोलीचा. बाहेर नेऊनही सामू चढत नसेल, तर अल्कता कमी आहे असे समजावे. अर्थात त्याआधी मापक प्रमाण द्रावणात बुडवून तपासलेला असावा. खोटे माप दाखवणाऱ्या उपकरणाने पुष्कळ निरोगी टाक्या बिघडवल्या आहेत.

दोष हवेचा असेल तर उपाय खिडकीचा. ती बोटभर उघडी ठेवावी, किंवा फेस काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी भिंतीबाहेर काढावी. माझ्या मते या नळीइतका स्वस्त आणि निर्धोक उपाय दुसरा नाही. शेवाळाची वेगळी पेटी असल्यास तिचा दिवा रात्री लावावा.

अल्कता मोजण्याच्या बहुतेक संचांत डीकेएच हे एकक असते. समुद्रात ती सुमारे ६.५ असते; टाकीत ७ ते ११ चालते. ती कमी असेल तर शंभर लिटरमागे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा टाकल्याने एका अंकाने वाढते. सामू मात्र त्याने फारसा हलत नाही, हे लक्षात ठेवावे. एका दिवसात एका अंकापेक्षा जास्त वाढ करू नये.

प्रवाळ पाळणाऱ्यांना तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकर घातल्यावर दुधाळ होणारी ती हीच. ती पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड पकडून त्याचे बायकार्बोनेट बनवते आणि सांगाड्यासाठी कॅल्शियमही पुरवते. लिटरभर शुद्ध पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरतो. गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणीच घ्यावे. पानाला लावायचा चुना येथे वापरू नये, कारण त्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडाले तेवढीच निवळी, रात्रीच्या वेळी, थेंबथेंब सोडावी. एकदम ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका होऊन पाणी पांढरे पडते. निवळीचा सामू १२ च्या वर असतो आणि ती डोळ्यांना घातक आहे. म्हणून बाटलीवर नाव लिहून, बूच घट्ट लावून, ती मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.