वकिलीची उमेदवारी : पहिला अर्ज कसा करावा

साकेत नगरात राहणाऱ्या मुलाला डॉक्टरकीचा रस्ता कोणता हे विचारावे लागत नाही. एम्सचे फाटक घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वकिलीचा रस्ता असा डोळ्यांसमोर नसतो. कायद्याची पदवी कोठे मिळते हे सर्वांस ठाऊक असते. पदवीच्या आधी व नंतर कोणाच्या दारी उभे राहावयाचे, कोणते कागद न्यावयाचे व काय बोलावयाचे, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. ज्या घरात काका किंवा मामा वकील आहेत तेथील मुलाला ते जेवता जेवता कळते. शाळा सोडून गेलेली जी मुले आमच्याकडे अर्ज तपासावयास आणतात, त्यांच्या घरी बहुधा असे कोणी नसते. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी हा पाठ आहे.

मराठीत या शिकण्याच्या काळास 'उमेदवारी' असा सुरेख शब्द आहे. हाताखाली राहून धंदा शिकावयाचा, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांत ही पद्धत फार जुनी आहे. क्रॉफर्ड बेली ही पेढी 1830 पासूनची व लिटल आणि कंपनी 1856 पासूनची. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्याने एखाद्या सॉलिसिटराकडे तीन वर्षे 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणून काम करावयाचे व मग बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची कठीण परीक्षा द्यावयाची, असा तेथील क्रम. 1976 च्या दुरुस्तीने अटर्नी हा निराळा वर्ग कायद्यातून गेला, तरी सोसायटीची परीक्षा मुंबईत चालूच राहिली.

आपल्या लोकांपैकी पहिले सॉलिसिटर झाले ते कमरुद्दीन तैयबजी, 1858 मध्ये. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले व पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. बॅरिस्टराला काम सॉलिसिटराकडून येते. तेव्हा घरातच सॉलिसिटर असणे ही केवढी सोय! ज्यांना ती सोय नव्हती त्यांचेही पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबईस वकिली सुरू केली. विद्वत्तेत त्यांच्या तोडीचे हायकोर्टात किती होते? परंतु अस्पृश्यतेमुळे पेढ्यांची कामे त्यांच्याकडे येईनात. 1925 ते 1928 या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी उत्पन्नाला जोड दिली. ओळखीवाचून दार उघडत नाही ही तक्रार आजची नव्हे.

तिसरे उदाहरण गांधीजींचे. मुंबईत जम बसेना म्हणून ते राजकोटास जाऊन अर्ज लिहून देऊ लागले. 1893 मध्ये दादा अब्दुल्ला आणि कंपनी या पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांच्या पेढीने त्यांना एका वर्षाच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेस बोलाविले. जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे व 105 पौंड असे ठरले. खटला सगळा हिशेबाच्या चोपड्यांचा होता व तरुण बॅरिस्टराला जमाखर्च येत नव्हता. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत आणून अभ्यास केला. नव्या उमेदवाराने घ्यावी ती ही गोष्ट. पेढीत पाऊल टाकल्यावर कायद्याच्या बरोबरीने अशिलाचा धंदा समजून घ्यावा लागतो.

आता आजचे नियम. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे व बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष काम, म्हणजे इंटर्नशिप, करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. पदवी मिळाल्यावर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावयाची. आपल्या राज्याची जबलपूरला. नोंदणीचे शुल्क सामान्य उमेदवारास 750 रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये, याहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी ठरविले आहे. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा. हे झाल्यावर सनद पक्की होते.

पुष्कळ पालक आम्हांस सांगतात की, मुलगी घरी अभ्यास करून थेट न्यायाधीशाच्या परीक्षेस बसेल, वकिलाच्या कचेरीत तिला कशाला पाठवावयाचे? हे आता तसे राहिले नाही. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. जाहिरात निघेल तेव्हा तीतील अट नीट वाचावी हे खरेच. परंतु कचेरी टाळून न्यायासनावर जाण्याचा बेत कोणी आखू नये.

अर्ज कोठे करावा? भोपाळ राजधानी असली तरी 1956 पासून हायकोर्ट जबलपूरला आहे. खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेर येथे. म्हणून इथल्या मुलांस वाटते की, गावात काही नाही. हे चूक आहे. जिल्हा न्यायालय आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागाचे पीठ येथे आहे, रेरा आहे, राज्य ग्राहक आयोग आहे. या ठिकाणी जाणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्यांत कामाला हात लागतातच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही विद्यार्थ्यांनी चौकशी करावी. आमच्या मते पहिले चार आठवडे भोपाळातच, घरचे जेवून, एखाद्या दिवाणी वकिलाकडे काढावे. दुसरी खेप जबलपूर किंवा इंदूरला. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पेढ्यांचा विचार त्यानंतर. तेथे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची मुले रांगेत असतात. त्यांपैकी एक विद्यापीठ 1997 पासून आपल्याच गावी आहे. ज्याच्याजवळ दाखवावयास काही काम आहे, त्याचा अर्ज अशा रांगेत निदान वाचला तरी जातो.

मोठ्या पेढीला तीन-चार महिने आधी लिहावे. पुढील आठवड्यापासून येतो असे कळविणाऱ्यास जागा कोठून असणार?

आता अर्जाकडे वळू. तो दोन भागांचा असतो : एक छोटे पत्र व एक माहितीपत्रक. पत्र एका पानाच्या आत, माहितीपत्रक फार तर दोन पानांचे. आमच्याकडे येणारे दहांतले आठ अर्ज असे सुरू होतात : "मी मेहनती, प्रामाणिक व जिज्ञासू असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन." या वाक्यात वाचणाऱ्याला कळण्यासारखे एकही अक्षर नाही, आळशी व अप्रामाणिक मनुष्यही हेच लिहील. त्याऐवजी असे लिहावे : "गेल्या मे महिन्यात मी भोपाळ जिल्हा न्यायालयातील एका दिवाणी वकिलांकडे चार आठवडे होतो. भाडेकरूंच्या तीन दाव्यांत तारखांचे टाचण केले, एका कैफियतीचा कच्चा मसुदा लिहिला व तो दोनदा सुधारून घेतला. आपल्या पेढीत जमीनजुमल्याचे काम चालते. मला तेच शिकावयाचे आहे. 1 ते 28 डिसेंबर मी मोकळा आहे." पाच वाक्ये, परंतु मुलाने काय केले, त्याला काय हवे व तो केव्हा येईल, हे तिन्ही कळले.

माहितीपत्रकात गुण लपवू नयेत. एखाद्या सत्रात विषय राहिला असेल व विचारले असेल तर तसे लिहावे; गुणपत्रिका पुढे मागतातच. पालकांचे नाव, धर्म, वजन-उंची यांची तेथे गरज नाही. भाषा मात्र अवश्य लिहाव्यात, व त्या खऱ्या लिहाव्यात. यात आपल्या मुलांजवळ असे काही आहे की ज्याची त्यांनाच किंमत नाही. 1949 मध्ये भारतात विलीन होईपर्यंत भोपाळ संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. जुन्या मिळकतींचे कागद आजही उर्दूत निघतात. ज्याला आजोबांनी उर्दू वाचावयास शिकविले, त्याने ते एका ओळीत लिहावे. तसेच मराठी घरांतील ज्या मुलाला मोडी लागते, त्याचा महाराष्ट्रातील जमिनीच्या दाव्यांत उपयोग आहे. (अर्ज, मसुदा, नक्कल, वकील, कैफियत हे शब्द तरी कोठून आले? मराठी कचेरीत अरबी-फारसी शब्दांची पिढ्यान्‌पिढ्यांची वतनदारी आहे!)

काही पेढ्या लेखनाचा नमुना मागतात. येथे एक धोका आहे. कचेरीत लिहिलेला मसुदा अशिलाच्या नावागावासह नमुना म्हणून जोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. वाचणारा वकील तत्काळ म्हणतो, 'हा उद्या आमच्या अशिलाचा कागद असाच दुसऱ्यास दाखवील', आणि अर्ज बाजूस पडतो. महाविद्यालयात लिहिलेला निबंध किंवा एखाद्या छापील निकालावरील आपले टिपण द्यावे. संदर्भासाठी प्राध्यापकांचे नाव द्यावयाचे तर आधी त्यांस विचारावे. ई-मेल एका वेळी एकाच पेढीस जावी. वीस पेढ्यांचे पत्ते एका ओळीत घालून पाठविलेले पत्र कोणाचेच नसते. पेढीचे नाव त्यांच्या कागदावर असते तसेच, अक्षरशः लिहावे.

मुलाखतीत पांडित्य फारसे विचारीत नाहीत, तारखा विचारतात. उदाहरणार्थ, न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्यास 15 दिवस मिळतात, त्यात पैसे न आल्यास पुढे एका महिन्यात फिर्याद. दोन-चार तारखा देऊन 'मुदत केव्हा संपते?' असे विचारले की मुले गडबडतात. हे कॅलेंडर समोर ठेवून घरी करून पाहावे. तसेच 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता व तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले; जुन्या प्रकरणांत जुनी कलमे चालतात, म्हणून दोन्ही क्रमांक ओळखता आले पाहिजेत.

पैशाविषयी स्पष्ट लिहितो. विद्यार्थ्याला पुष्कळ ठिकाणी काही मिळत नाही, मोठ्या पेढीत थोडे विद्यावेतन मिळते. नव्या वकिलांस शहरात दरमहा निदान 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचविले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ कमी मिळते, व गरिबाचे मूल पहिल्या दोन वर्षांतच वकिली सोडते ते याच कारणाने. सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी सहसा करता येत नाही. म्हणून पेढ्या 'पगार' न देता करार करून दरमहा व्यावसायिक शुल्क देतात. करारात सोडण्याची मुदत किती व स्वतःची कामे घेण्यास मुभा आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचावे. आणि उमेदवारीची जागा देतो म्हणून जो उलट पैसे मागतो, त्याच्या दारी जाऊ नये.

उत्तर न आल्यास तीन आठवड्यांनी दोन ओळींचे एक स्मरणपत्र, बस्स.

न्यासाच्या चालकांस आमची एक सूचना आहे. कार्यालयात एक वही ठेवावी. आपल्यापैकी जो मुलगा वा मुलगी कोठे उमेदवारी करून येईल, त्याने तीत लिहावे : कोणते गाव, कोणत्या प्रकारचे काम, अर्ज केव्हा केला, उत्तर केव्हा आले, राहण्यास खोली कितीला पडली, मुलींसाठी येणेजाणे कसे आहे, काय शिकावयास मिळाले. मामा वकील नसलेल्या घराला या वहीचा मामासारखा उपयोग होईल. मुंबई वा जबलपूरचे भाडे व एका महिन्याची खोली एवढी रक्कम बिनव्याजी उसनी देण्याची तजवीज झाली, तर वहीत नावे लवकर वाढतील. पहिल्या पानासाठी दोन नावे आमच्याजवळ आहेत. वही आली की पाठवून देऊ.