ताकाऐवजी लिंबू पिळलेले दूध

केकच्या पिठात ताक घालतात ते केवळ चवीसाठी नव्हे. ताकातील आम्लाचा खाण्याच्या सोड्याशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो व पीठ फुगते. ताक नसल्यास पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून १० मिनिटे ठेवावे. दूध किंचित फाटून दाटसर होते. त्यात अर्धा लहान चमचा सोडा टाकून उसळणारा फेस वर्गास दाखवावा.

मात्र हे ताक नव्हे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मुलांचा घोटाळा येथेच होतो. दही जिवाणूंच्या क्रियेने लागते, हे दूध केवळ आम्लाने फाटते. तापवून कोमट केलेल्या दुधास याचे विरजण लावून पाहावे. दही लागत नाही.