गालांची लाली

माझ्या मोबाइलमध्ये लेकाचा एक फोटो आहे. कपाळी टिळा, गळ्यात तुळशीची माळ, पिवळं पितांबर. आषाढी एकादशीला तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि चारशेवर लाइक आले. ‘गाल किती लाल लाल गं याचे!’ असं कितीतरी जणींनी लिहिलं. ती लाली तापाची होती.

आदल्या दिवशी त्याला साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं होतं. ताप येईल, हे नर्सताईंनी आधीच सांगितलं होतं, औषधही दिलं होतं. मांडी दुखत असलेल्या त्या पोराला मी पाऊण तास सतरंजीवर निजवलं आणि त्याचं रडणं थांबेल तेवढ्यात फोटो टिपत राहिले. आई दोनदा म्हणाली, “अगं, घे त्याला आधी.” मी म्हटलं, “एकच राहिलाय.” एकादशी टळली की फोटो वाया, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे एका दिवसात झालं नाही. बाळंतपणानंतर माझं अंग सुटलं होतं, केस मूठमूठ गळत होते. मोबाइलवर मात्र माझ्याबरोबरच्या बाळंतिणी तिसऱ्या महिन्यात जुन्या जीन्समध्ये उभ्या. मी फिल्टरने हनुवटी कोरायला लागले. मग फिल्टरमधल्या बाईसारखं दिसावं म्हणून जेवण तोडलं. आईनं दिवसभर खपून केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले, अळिवाची खीर मी तिच्या नकळत मोरीत ओतली. एका सकाळी बाळ कडेवर असताना चक्कर आली. ओटा हाताला लागला म्हणून आम्ही दोघं वाचलो. त्या ओतलेल्या खिरीबद्दल आईला मी अजून सांगितलेलं नाही.

चक्कर आली म्हणून दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी वजन-रक्तदाब पाहिला आणि मग विचारलं, “झोप लागते का? रडू येतं का?” मला तिथंच रडू फुटलं. बाळंतपणानंतर मन खचणं हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हे त्या दिवशी मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

तुमचंही असं चाललं असेल, तर बाळ रडलं की फोटो तिथंच सोडा. इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा 2021 पासून लपवता येतो. मी तो लपवला आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडणं आठवड्याभरात कमी झालं. सेल्फीत नाक, चेहरा फुगलेला दिसला तर आरशाजवळ जाऊन खात्री करा. कॅमेरा फूटभर अंतरावर असला की नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये हिशेब मांडून दाखवलं आहे. ज्यांचे फोटो पाहून घास खाली उतरत नाही, त्यांना अनफॉलो करा, मग ती सख्खी मैत्रीण का असेना. एवढ्यानं भागत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि घरात बाळंतीण असलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. भेटायला गेलात की बाळाचा फोटो मागायच्या आधी तिला विचारा, “जेवलीस का?” आणि ती ‘हो’ म्हणाली तरी ताट वाढून तिच्याजवळ बसा.