शेततळ्यावर शेजारची पोरं आली तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमची राहाता तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. घरामागेच कागद टाकलेलं शेततळं आहे. उन्हाळ्यात वस्तीवरची पोरं न विचारता पोहायला येतात. हाकललं तर दुपारी पुन्हा हजर. माझा अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे परसात ट्रॅम्पोलिन ठेवला तरी विमा कंपनी चौकशी करते आणि शेजारचं मूल त्यावरून पडलं तर घरमालकाला कोर्टात उभं राहावं लागतं. आपल्याकडे असं काही आहे का? ‘पोहण्यास मनाई’ असा फलक लावला तर पुरे ना? शेतकरी अपघात विम्यातून काही मिळतं का? नातवंडांसाठी ट्रॅम्पोलिन घ्यायचंही मनात आहे.
— एक शेतकरी, राहाता तालुका

उत्तर : फलक पुरत नाही. आणि पोरं न विचारता आली, एवढ्यावर तुमची सुटकाही होत नाही.

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत या विचाराचं मूळ 1873 सालच्या एका निकालात आहे. रेल्वेचं इंजिन फिरवायची मोठी चकती कुलूप न लावता तशीच सोडलेली होती. तिच्यावर खेळताना सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय चिरडला. मुलगा आमच्या जागेत परवानगीशिवाय आला होता, असं कंपनीचं म्हणणं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तरीही भरपाई कायम ठेवली. जी वस्तू मुलांना ओढून आणते आणि इजा करू शकते, ती उघडी ठेवणाऱ्याने मुलं येणारच हे धरून चाललं पाहिजे, असं तत्त्व त्यातून पुढे रुजलं. परसातला ट्रॅम्पोलिन, पोहण्याचा तलाव ही त्याचीच आजची रूपं. ब्रिटनमध्येही 1922 साली असाच निकाल लागला. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या मुलाने झुडपाची चेरीसारखी दिसणारी विषारी फळं खाल्ली आणि तो दगावला. त्या झुडपाला ना पुरेसं कुंपण होतं, ना धोक्याची नीट सूचना. जबाबदारी महापालिकेकडे आली.

आपल्याकडे शेततळ्याच्या मालकाने द्यायच्या भरपाईसाठी वेगळा कायदा नाही. दिवाणी दाव्यात आपली न्यायालयं निष्काळजीपणाची हीच तत्त्वं लावतात. 1855 सालचा प्राणघातक अपघात कायदा अजून लागू आहे आणि त्याखाली मृत मुलाचे आईवडील दोन वर्षांच्या आत भरपाई मागू शकतात. न्यायालय साधारण तीन गोष्टी बघतं : मुलं येतात हे तुम्हाला ठाऊक होतं का, धोका किती होता, आणि तो टाळायला तुम्ही काय केलंत. तुमच्या पत्रातच पहिल्याचं उत्तर आहे. पोरं रोज येतात हे तुम्हाला माहीत आहे. शेत वाट्याने दिलं असेल, तर प्रत्यक्ष ताबा कोणाकडे होता हाही प्रश्न निघतो.

फौजदारी बाजू वेगळी. कोणी बुडालं की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. चौकशीत कोणाचा तरी निष्काळजीपणाच मृत्यूला थेट कारणीभूत दिसला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं. जुन्या दंड संहितेत याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. याशिवाय सार्वजनिक वाटेलगतचा तलाव, विहीर किंवा खड्डा धोकादायक असेल, तर त्याला कुंपण घालण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 152 मध्ये आहे. म्हणजे दुर्घटना होण्याची वाट न बघता शेजारीही तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो.

आपल्या जिल्ह्याला याची किंमत माहीत आहे. 13 मार्च 2023 रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. फार खोल नाही, साधारण पंधरा फुटांवर अडकला होता. एनडीआरएफची पथकं आली, रात्रभर शेजारून खोदकाम झालं, पण तो वाचला नाही. आईबाप शेतात राबत असताना मूल जवळपास खेळणार, यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्या साखरपट्ट्यात दर हंगामाला शेकडो मुलं अशीच फडाच्या कडेला दिवस काढतात. त्यांना कोणतं शेत कोणाचं, कुठे बोअर फेल गेला, हे कोण सांगणार? त्या मुलाला ‘विचारून आला नव्हता’ असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि नियम तेव्हा तेरा वर्षांचे जुने होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2010 रोजी बोअरबाबत निर्देश दिले. बोअर घेण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवायचं, काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण करायचं, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडावर पोलादी पत्रा वेल्ड करायचा किंवा नटबोल्टचं मजबूत झाकण बसवायचं. मोटार दुरुस्तीला वर काढली तरी तोंड उघडं ठेवायचं नाही. पाणी न लागलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकायचा. वर गोणपाट टाकून दगड ठेवला म्हणजे झाकला, असं होत नाही. तुमच्या बांधावर असा एखादा फेल बोअर असेल तर शेततळ्याच्याही आधी तो बुजवा. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली; कारण पाण्याचं होतं. गावातले सगळे उघडे बोअर एका हंगामात बुजवायचं ठरवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

आता शेततळ्याकडे येऊ. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पोरं विहिरीत पोहायला शिकली, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. विहीर धोक्याची होतीच, पण तिला पायऱ्या होत्या, दगडी बांधकामात बोटं रुतवायला खाचा होत्या, आणि काठावर शिकवणारा मोठा माणूस असायचा. कागदाच्या शेततळ्यात यातलं काहीच नाही. 2016 नंतर ‘मागेल त्याला शेततळे’मुळे गावोगाव तळी झाली. योजनेतलं मोठं तळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असतं. स्वतःच्या पैशाने बागायतदारांनी याहून मोठी खोदली. तीन मीटर म्हणजे जवळपास दहा फूट. चारही बाजूंना उतार, उतारावर गुळगुळीत प्लास्टिक, पाण्याच्या रेषेवर शेवाळ. चांगला पोहणारा मुलगाही मधून काठापर्यंत येतो आणि तिथेच हरतो, कारण पाय टेकत नाही, हाताला काही लागत नाही, वर चढावं तसा तो खाली घसरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही अडकतो. काठावरच्या ओल्या कागदावरून पाणी बघायला गेलेला, कधी पाण्यात न उतरलेला माणूसही असाच आत जातो.

म्हणून पहिलं काम कुंपणाचं. जाळीचं हवं, मोठ्या माणसाच्या छातीच्या वर, खालून पोरगं सरपटत जाणार नाही इतकं जमिनीलगत, आणि फाटकाला कुलूप. किल्ली मोटारीच्या पेटीवर ठेवू नका, पोरांना ती जागा पहिल्यांदा कळते. पण कुलूप कधीतरी उघडं राहणारच, हे धरून दुसरं काम करा. चारही काठांवर पक्के खांब रोवून जाड दोर पाण्यात खाली सोडा, दोन-दोन फुटांवर गाठी मारा. एका बाजूला दोराची शिडी बांधा. पाण्यावर हवा भरलेल्या दोन-तीन ट्यूब किंवा बंद झाकणाचे रिकामे ड्रम दोराला बांधून तरंगत ठेवा. काठावर एक लांब बांबू कायम असू द्या. या सगळ्याला येणारा खर्च कागदाच्या खर्चापुढे काहीच नाही आणि बुडणाऱ्याला खरा उपयोग याचाच आहे. फलक लावा, जरूर लावा, पण तो वाचता न येणाऱ्या वयाची मुलं सगळ्यात आधी बुडतात. फाटकाशी अनोळखी मजूरवस्ती उतरली, तर त्यांच्या आईबापांना स्वतः जाऊन सांगा.

आत उतरून वाचवायचा मोह किती घातक, हे नेवासा तालुक्यातल्या वाकडीने बघितलं. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. जनावरांच्या शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. कमरेला दोर बांधलेला एकच जिवंत बाहेर आला. कुजलेल्या शेणातून निघणारे वायू आणि प्राणवायूचा अभाव काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतात. शेततळं असो की स्लरीची विहीर, आधी दोर, ट्यूब किंवा बांबू आत जाऊ द्या आणि 112 ला फोन लावा. स्लरीच्या खड्ड्यात तर दोर बांधूनही उतरू नका, ते काम श्वसनयंत्र असलेल्या पथकाचं आहे.

विम्याचं विचारलंत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पाण्यात बुडून मृत्यू आला तर दोन लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाच सदस्याला, तेही वय 10 ते 75 असेल तर. तुमचं पाच वर्षांचं नातवंड त्यात बसत नाही. भूमिहीन मजुराचं मूल तर नाहीच. शिवाय ही मदत आहे. तुमच्या शेतात दुसऱ्याचं मूल दगावलं तर तुमच्यावर येणारी भरपाई ती भरत नाही. तशी जोखीम झाकायची असेल तर विमा कंपनीकडे तृतीय पक्षाच्या दायित्वाची पॉलिसी वेगळी मागावी लागते. शेतावर पर्यटक उतरवत असाल तर ती घ्याच आणि त्यात शेततळ्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या.

राहिला ट्रॅम्पोलिन. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरी तो वापरूच नये असा सल्ला 2012 मध्येही पुन्हा दिला आहे. सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एका वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात आणि सगळ्यात जास्त लागतं ते सगळ्यात लहान, हलक्या मुलाला. मोठ्याची उडी त्याला भलत्याच दिशेने उडवते. भोवती जाळी असली तरी धोका फारसा कमी होत नाही, कारण बऱ्याच दुखापती खाली पडून होतच नाहीत, त्या उडी मारायच्या चादरीवरच होतात. मी घेऊ नका म्हणेन. घेतलाच तर एका वेळी एकच मूल, सहा वर्षांखालचं कोणीही नाही, कोलांटी नाही, स्प्रिंगांवर गादी, आणि मोठं माणूस शेवटपर्यंत जवळ उभं. खेळ संपला की वर चढायची शिडी काढून घरात ठेवा, कारण शेततळ्यावर येणारी तीच पोरं दुपारी इकडेही येणार.