एम. टेक.चे शिक्षण : प्रवेश आणि पैशाची तरतूद

ग्रामीण भागातील अनेक अभियांत्रिकी पदवीधर पदव्युत्तर शिक्षणाचा विचार सोडून देतात, तो गुणवत्तेच्या अभावी नव्हे, तर खर्चाच्या धास्तीने. वस्तुतः भारतीय तंत्रज्ञान संस्थांत (आय. आय. टी.) हे शिक्षण घेताना विद्यावेतन मिळू शकते.

प्रवेशाचा प्रमुख मार्ग म्हणजे ‘गेट’ परीक्षा. ती 100 गुणांची व 3 तासांची असून फेब्रुवारीत होते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते व तिचे गुणांकन 3 वर्षे ग्राह्य धरले जाते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्कात सवलत आहे. निकालानंतर मात्र प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अध्यापन साहाय्यक म्हणून निवड झाल्यास दरमहा 12,400 रुपये मिळतात. त्याबदल्यात आठवड्यातून काही तास प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका तपासणी इत्यादी कामे करावी लागतात. तथापि शुल्क सत्रारंभीच भरावयाचे असते आणि विद्यावेतन त्यानंतर सुरू होते. खरी अडचण येथेच आहे. 2024 साली मंजूर झालेल्या पी. एम. विद्यालक्ष्मी योजनेखाली निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार न देता शैक्षणिक कर्ज मिळू शकते.

इतर मागासवर्गीयांचे दाखले केंद्र शासनाच्या नमुन्यात असावे लागतात. दाखल्यास आठ दिवसांचा विलंब झाला, तरी उमेदवाराचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून शिक्षकांनी तिसऱ्या वर्षीच मार्गदर्शन करावे, पंचायत सदस्यांनी पालकांना सावध करावे आणि महसूल कार्यालयांनी असे अर्ज अग्रक्रमाने निकाली काढावेत.