पाइनची तहान

डहाणू-तलासरीकडे घरात कपाट किंवा पलंग करायचा म्हटलं की मनात येतो साग आणि खिशाला परवडतो पाइन. परदेशातल्या लागवडीतलं हे लाकूड मोठ्या प्रमाणावर कांडला बंदरात उतरतं आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरलं जातं. शिवाय कारखान्यांत माल उतरवून झाल्यावर मोडीत निघालेल्या पॅलेटच्या पट्ट्याही मिळतात. हे लाकूड घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतो आणि त्याच्यासाठी आपल्या डोंगरातला एकही साग पडत नाही. बिघडतं ते पुढे. 'सागवान' किंवा 'अक्रोड' असं लिहिलेला स्टेनचा डबा आणून कोऱ्या फळीवर फासला जातो, आणि सुकल्यावर फळीभर काळपट धब्बे उमटतात. दोष मग डब्याला दिला जातो, नाहीतर पॉलिशवाल्याला. माझं ठाम मत असं की स्वस्त लाकडाचा रंग डब्यात बिघडत नाही, तो डबा उघडण्याआधीच बिघडलेला असतो. पाइनची तहान जागोजागी वेगळी असते, आणि ती सारखी करून घेण्याआधी दिलेला कुठलाही रंग सारखा बसत नाही.

पाइनच्या कोऱ्या फळीवरच्या रेषा नीट पाहिल्या की याचं कारण उघड दिसतं. वसंतात झपाट्याने वाढलेला भाग फिकट, रुंद आणि भुसभुशीत असतो. वाढीचा हंगाम सरता सरता तयार झालेली पट्टी अरुंद, गडद, टणक आणि राळेने भरलेली असते. स्टेनमधला रंग भुसभुशीत भागात खोल शिरतो आणि टणक पट्टीवर नुसता टेकतो. त्यामुळे मुळात फिकट असलेली रेषा काळी होते, गडद असलेली फिकी राहते, आणि सगळी नक्षी फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी दिसू लागते. त्यातच तंतू कुठे आडवे-तिडवे वळलेले असतात, कुठे राळ साचलेली असते, म्हणून रेषांच्या जोडीला धब्बे येतात. फळीची डोकी, म्हणजे आडवी कापलेली टोकं, नळीसारखी रंग ओढतात आणि जवळजवळ काळी पडतात. महाग स्टेन आणून हे टळत नाही, कारण तोही त्याच भोकांतून शिरणार. दुसरा हात दिला तर तहानलेली जागा आणखी पिते आणि फरक वाढतो.

रंगाआधी जमीन तयार करण्याची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. वारली घरातल्या चित्राची भिंत आठवून पाहा. कारवीचा कूड आधी शेणामातीने लिंपतात, तो सुकला की त्यावर गेरू देतात आणि मग तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ओढतात. नुसत्या कुडावर कुणी गेरू लावत नाही. ही कला कागद-कापडावरून जगभर गेली आणि गंजाडजवळच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण रेघ टिकते ती खालच्या जमिनीवर, हे भिंतीवर काम करणाऱ्या बायांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. लाकडाचं लिंपण म्हणजे चपडा लाख. एक लिटर स्पिरिटमध्ये साठ ते शंभर ग्रॅम चपडा रात्रभर भिजवावा, सकाळी ढवळून मलमलीच्या फडक्यातून गाळावा. नेहमीच्या फ्रेंच पॉलिशपेक्षा हे द्रावण बरंच पातळ असतं आणि ते पातळच हवं. त्याचा एक हात फळीवर, दोन हात डोक्यांवर आणि गाठींवर. भुसभुशीत भागाची भोकं त्याने अर्धवट बुजतात, टणक भागाला फारसा फरक पडत नाही, आणि दोघांची तहान जवळ येते. तासाभराने बारीक सँडपेपर हलकाच फिरवायचा आणि मग स्टेन द्यायचा. चपड्यात नैसर्गिक मेण असतं. वरून पीयू (पॉलियुरेथेन) द्यायचा असेल तर द्रावण निवळू द्यावं आणि वरचं स्वच्छ तेवढंच घ्यावं, नाहीतर पीयूची पकड ढिली राहते. स्पिरिट पटकन पेटतं, तेव्हा जवळ चूल किंवा विडी नको.

यावर जाणते सुतार सांगतात की लाखेची गरज नाही, पेपर बारीक मारला की झालं. यात अर्धं तथ्य आहे. डोक्यांवर बारीक पेपर मारल्याने खरोखरच फायदा होतो. पण सगळी फळी काचेसारखी घासली तर लाकूड रंगच धरत नाही, आणि तंतूंच्या वळणाचे धब्बे तरीही राहतात. फळीवर १२० पासून १८० नंबरपर्यंत, रेषेच्या दिशेने, एवढं पुरे. मात्र सांध्यातून ओघळलेला फेविकॉल ओला असतानाच पुसावा, कारण त्या जागी स्टेन शिरतच नाही आणि पांढरा डाग कायमचा राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाख लावली की रंग फिका येतो, मग सागाचा गडदपणा कुठून आणायचा? मी म्हणेन, तो लाकडात शिरवूच नये. मधासारखा किंवा हलका तपकिरी स्टेन खाली द्यावा आणि गडदपणा वरच्या पॉलिशमध्ये रंग मिसळून, पातळ हातांनी, थोडा थोडा चढवावा. तो रंग थरात राहतो, लाकडाच्या तहानेशी त्याचा संबंध उरत नाही. तिसरा आक्षेप असा की लाकूड स्वस्त, मग एवढी मेहनत कशाला, सरळ ऑइल पेंट मारावा. मारावा की! कोठीतल्या फळ्यांना तेच योग्य. वारली चित्रासाठी पाटी करायची असेल तर गेरूचा दाट रंगही उत्तम. पण तिथेही गाठीला लाख द्यावीच लागते, नाहीतर राळ वर येते आणि तिच्यावर काढलेली पांढरी रेघ पिवळी पडते.

पॅलेटच्या लाकडाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यात इंग्रजी एचटी ही अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान तीस मिनिटं तापवलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नये. तेल-रसायन सांडल्याचे डाग असतील तर शिक्का कुठलाही असो, मुलांच्या पलंगाला ते वापरू नये. तसंच, पाइनला ओटीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेवू नये. वाळवीला आणि पावसाला ते टिकत नाही, आणि कोणताही स्टेन त्याला साग करत नाही.

शेवटची अडचण आपल्या हवेची. पावसाळ्यात लाख किंवा लॅकरचा हात दिला की स्पिरिट-थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी थरात अडकतं आणि पॉलिश पांढरट होतं. फळीही तेव्हा फुगलेली असते. आषाढात घट्ट बसवलेला खण माघात सैल होतो. म्हणून लाकूड आधी आणून घरातच पट्ट्यांवर रचून मुरू द्यावं आणि पॉलिशचं काम दिवाळीनंतर काढावं. त्याच फळीचा हातभर तुकडा बाजूला ठेवावा, त्याला तोच पेपर मारावा, अर्ध्यावर लाख द्यावी, अर्धा कोरा ठेवावा आणि दोन्हीवर तोच स्टेन फिरवावा. सुकल्यावर तो तुकडा दारात, उजेडात नेऊन बघावा. कपाटाला हात लावायचा तो त्यानंतर.